दुधाचे वावडे असलेल्या बाळाचे उष्टावण



नातवंडाला सहा महिने पूर्ण होत आले की घरातील आजीची लगबग सुरू होते. चांदीची वाटी घासूनपुसून ठेवली जाते, बाळाच्या मामाला निरोप जातो आणि उष्टावणाचा दिवस ठरतो. त्या वाटीत बहुधा तांदळाची खीर असते, आणि खिरीत दूध. बहुतेक बाळांना त्या चमचाभर खिरीने काहीही होत नाही. परंतु काही घरांत त्याआधीच डॉक्टरांनी सांगितलेले असते की बाळाला गाईच्या दुधाचे वावडे आहे, म्हणजेच ॲलर्जी आहे, आणि दुधाचा थेंबही द्यायचा नाही. मग घरात एकच प्रश्न घोळू लागतो : दूधच नाही, तर हे लेकरू वाढायचे कशावर?

लोणारमधील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न बहुधा आजी-आजोबाच विचारतात. आई-वडील शेतात, दुकानात किंवा नोकरीवर असतात. बाळाला घास भरवणारे हात आजीचे असतात. म्हणून आजचा हा लेख विशेषेकरून तुमच्यासाठी आहे. त्याचे सार आधीच सांगून टाकतो. अशा बाळाच्या आहारातून दूध पूर्णपणे बाहेर काढायचे आणि बाकीचे सर्व पदार्थ वेळेवर आत आणायचे. पहिले काम बहुतेक घरे निष्ठेने करतात. दुसरे मात्र भीतीपोटी राहून जाते आणि बाळाचे वजन तेथेच अडते.

वावडे नेमके कशाचे?

दुधात साखर असते, स्निग्धांश असतो आणि प्रथिने असतात. वावडे असते ते प्रथिनांचे. केसीन आणि व्हे हे त्या प्रथिनांचे दोन मुख्य गट. बाळाची रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याशी लढू लागते. दुधातील साखर न पचणे, म्हणजे लॅक्टोज न सोसणे, हा अगदी निराळा प्रकार आहे. मोठ्या माणसांना दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुडगुडते, ते त्यामुळे. तान्ह्या बाळात तो जन्मजात प्रकार अतिशय दुर्मीळ असतो. म्हणून ‘मलाही दूध पचत नाही, तसेच नातवाचे असेल’ असा निष्कर्ष काढू नये.

हे वावडे दोन रूपांत दिसते. पहिल्या रूपात दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास होतो : अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, क्वचित श्वास लागतो. दुसरे रूप सावकाश येते. काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी जुलाब होतात, शौचात रक्ताच्या रेषा आणि शेंब दिसते, इसब चिघळतो, बाळ सतत किरकिरते, वजन वाढत नाही. या दुसऱ्या रूपाचे निदान रक्ताच्या कोणत्याही एका तपासणीने होत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये या आजाराविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा भर एका साध्या रीतीवर आहे : दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद ठेवावे, त्रास थांबतो का ते पाहावे आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध पुन्हा देऊन खात्री करावी.

ही खात्री महत्त्वाची आहे. वावडे फार तर शंभरात दोन-तीन बाळांना असते. किरकिरणारी, दूध काढणारी बाळे मात्र घरोघरी असतात. प्रत्येक रडण्याला ‘ॲलर्जी’ म्हणून बाळाचे दूध तोडणे हाही अन्यायच. निदान बालरोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावे, मग त्यासाठी बुलडाणा, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले तरी चालेल.

गाईचे नाही, तर शेळीचे?

आपल्या भागात गोठ्यात म्हैस असते आणि अंगणात शेळी. गाईचे दूध बंद सांगितले की दुसऱ्याच दिवशी शेळीचे सुरू होते, कारण ‘शेळीचे दूध हलके’ अशी आपली पक्की समजूत आहे. येथेच सावध व्हायला हवे. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या दुधातील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईचे दूध न चालणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीचेही चालत नाही आणि म्हशीचेही नाही. दूध उकळल्यानेही वावडे टळत नाही. केसीन उकळीला दाद देत नाही.

शेतात सोयाबीन भरपूर पिकते, म्हणून घरीच सोयाबीनचे दूध काढून पाजावे, असेही काहींना वाटते. घरगुती सोयादूध तान्ह्या बाळाचे मुख्य पेय होऊ शकत नाही. त्यात बाळाला लागणारी सर्व पोषकद्रव्ये योग्य प्रमाणात नसतात, आणि दुधाचे वावडे असलेल्या काही बाळांना सोयाबीनचेही वावडे असते. अंगावरचे दूध मिळत असेल तर त्याहून चांगले काही नाही. ते चालूच ठेवावे. ते मिळत नसेल, तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली विशेष दूधपावडर वर्षभर लागते. ती महाग असते आणि ती कोणती व किती, हे बालरोगतज्ज्ञच ठरवतील. तिच्यात जास्त पाणी घालून डबा पुरवण्याचा मोह टाळावा. पातळ दूध म्हणजे उपाशी बाळ.

दूध कोठे कोठे लपते?

पेल्यातील दूध सर्वांनाच दिसते. लपलेल्या दुधाची यादी मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढा, बर्फी ही उघड नावे. लोणकढे तूप कितीही स्वच्छ कढवले तरी त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. म्हणून निदान पक्के असलेल्या बाळाच्या वरणभातावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तूप घालू नये. बिस्किटे, टोस्ट, पाव, केक, चॉकलेट, बाळांसाठी मिळणारे तयार सिरियल यांत दूधपावडर असणे नित्याचे आहे. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटावरील घटकही वाचून घ्यावेत. अन्नपदार्थांच्या वेष्टनांविषयीच्या २०२०च्या नियमांनुसार दुधासारख्या ॲलर्जीकारक घटकाचा उल्लेख पाकिटावर करणे बंधनकारक आहे. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’, ‘स्किम्ड मिल्क पावडर’ ही सारी दुधाचीच नावे. छापील अक्षर बारीक आणि इंग्रजीत असते. घरातील शाळकरी नातवाला हे काम द्यावे, तो ते अभिमानाने करील. ज्यावर काहीच छापलेले नाही असे सुटे बिस्कीट बाळाला देऊच नये.

आणखी दोन वाटा आपल्या खास घरगुती आहेत. पहिली पंचामृताची. दूध, दही, तूप, मध आणि साखर या पाचांपैकी तीन दुधाचे, आणि चौथा मध. मधातील जंतूंच्या बीजांमुळे एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून तो कोणत्याच तान्ह्या बाळाला देऊ नये. गुटी उगाळतानाही नको. कमळजादेवीच्या दर्शनाला बाळाला जरूर न्यावे. तीर्थ-प्रसाद बाळाच्या वतीने आजोबांनी घ्यावा; देवी रागावणार नाही.

दुसरी वाट न्हाऊ घालण्याची. साय आणि डाळीचे पीठ लावून बाळाचे अंग चोळण्याची रीत प्रेमाची आहे. परंतु इसबाने फाटलेल्या कातडीतून दुधाची प्रथिने शरीरात शिरतात आणि वावडे अधिक चेतवू शकतात. अशा बाळाला साय, कच्चे दूध, दुधातले उटणे लावू नये. साधे कोमट पाणी आणि डॉक्टरांनी सुचवलेले मलम पुरेसे.

भांड्यांचीही काळजी घ्यावी. दह्याच्या वाटीत बुडालेला चमचा तसाच बाळाच्या खिचडीत जातो. बाळाची वाटी आणि चमचा वेगळा ठेवावा आणि चहाच्या कपातील बोट बाळाच्या तोंडात घालू नये.

मग वाटीत काय असावे?

सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करावे. वावडे आहे म्हणून ते लांबवू नये. उष्टावणाच्या दिवशी मऊ शिजवून घोटलेला भात आणि मुगाचे घट्ट वरण, एवढे पुरे. खीरच हवी असेल तर तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून वाटावा आणि गोडीसाठी चांगले पिकलेले केळे कुस्करून घालावे. मीठ आणि साखर पहिल्या वर्षात लागत नाही. मामाच्या हातचा घास तोच राहतो, वाटीही तीच राहते.

सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन ते तीन वेळा. आठवा महिना सरेपर्यंत हळूहळू २५० मिलिलिटरच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, तीन ते चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. अन्न इतके घट्ट असावे की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. डाळीचे वरचे पाणी आणि भाताची पातळ पेज यांनी बाळाचे इवलेसे पोट भरते, पण अंगाला फारसे काही लागत नाही. डाळ पाण्यात नाही, बुडाशी असते. ती कुस्करून भरवावी.

आपल्या मातीतले धान्य या कामी उत्तम. ताकातल्या ज्वारीच्या कण्या आपल्याकडे आवडीने खातात. बाळासाठी त्याच कण्या ताकाऐवजी तुरीच्या किंवा मुगाच्या घट्ट वरणात मऊ शिजवाव्यात. मूगडाळीची खिचडी, घोटलेला लाल भोपळा, बटाटा, गाजर, पिकलेली पपई, शेवग्याच्या किंवा राजगिऱ्याच्या पानांची बारीक वाटलेली भाजी हे सर्व चालते. तुपाची जागा शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाने घ्यावी, मात्र शेंगदाणा व तीळ बाळाला सोसतात हे आधी पाहून. तोवर घरातले दुसरे खाद्यतेल वापरावे. प्रत्येक वाटीत अर्धा ते एक लहान चमचा तेल घालावे, कारण बाळाला वाढीसाठी स्निग्धांश लागतोच.

कॅल्शियमची चिंता आजोबांना विशेष असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे पहिल्या वर्षात बाळाला दररोज ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. म्हणजे २० ग्रॅम पिठाच्या लापशीतून सत्तरच्या आसपास. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व अधिक चांगले अंगी लागते. उरलेली गरज आईचे दूध किंवा विशेष दूधपावडर भागवते. म्हणूनच नाचणी सुरू झाली म्हणून अंगावरचे दूध तोडू नये.

लोहासाठी डाळी, पालेभाज्या आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी मऊ शिजवून वाटलेले मांस द्यावे. सहा महिन्यांपासून आशाताई आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देतात, तेही चुकवू नये. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावेत. औषधाच्या दुकानातून काहीही घेताना बाळाला दुधाचे वावडे असल्याचे आधी सांगावे.

भीतीने ताट लहान करू नका

एका पदार्थाचा त्रास झाला की माणूस सर्वच पदार्थांना भिऊ लागतो. मग अंडे नको, शेंगदाणा नको, गहू नको, असे करत दहा महिन्यांचे बाळ निव्वळ पेजेवर येते. पूर्वी डॉक्टरही असेच सांगत. पुढे संशोधनाने ही समजूत उलटली. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली, चार ते अकरा महिन्यांची बाळे घेतली होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केले. पाचव्या वर्षी पाहिले तेव्हा शेंगदाणा खाणाऱ्या गटात त्याचे वावडे सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. वेळेवर पोटात गेलेले अन्न शरीराला ओळखीचे होते.

म्हणून नवा पदार्थ द्यायचा, पण शिस्तीने. एका वेळी एकच. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात. सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. दोन-तीन दिवस निर्धोक गेले की पुढचा. ताप, जुलाब असताना किंवा लसीच्या दिवशी नवे काही सुरू करू नये. गहू, पूर्ण शिजवलेले अंडे, दाण्याचे बारीक कूट पातळ कालवून, वाटलेले तीळ हे सर्व वर्षाच्या आत येऊन जावे. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधी कोणत्याही पदार्थाने गांधी उठल्या असतील, तर अंडे आणि शेंगदाणा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. अख्खा शेंगदाणा मात्र पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या दिवशी पदार्थाचे नाव लिहून ठेवावे. डॉक्टरांना ही नोंद फार उपयोगी पडते.

सुनेच्या ताटाकडेही पाहा

आई दूध प्याली की अंगावर पिणाऱ्या बाळाला त्रास होतो, असे काही थोड्या बाळांत आढळते. तेवढ्यांच्याच आईला दुग्धजन्य पदार्थ बंद करावे लागतात. बाकीच्या मातांना नाही. पण बंद करावे लागले, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. शाकाहारी घरात ‘बी-१२’ जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव स्रोत दूध हाच असतो. तो तुटला आणि गोळी सुरू झाली नाही, तर आईत आणि तिच्या दुधातून बाळातही त्याची कमतरता होते. अशी बाळे मंदावतात, हसणे-बसणे विसरतात, त्यांचे हात-पाय थरथरू लागतात. भारतातील बालरोगतज्ज्ञ हा आजार पुष्कळ वर्षांपासून ओळखून आहेत आणि तो टाळता येतो. तेव्हा सुनेचे दूध बंद झाल्याच्या दिवशीच तिच्या कॅल्शियम आणि बी-१२च्या गोळ्यांविषयी विचारावे.

केव्हा धावावे?

दूध किंवा नवा पदार्थ दिल्यावर ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे, बाळ पांढरे पडणे किंवा मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. ॲलर्जीचे पातळ औषध पाजून वाट पाहू नये. या अवस्थेत ॲड्रिनालिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो आणि तो दवाखान्यात होतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात लगेच न्यावे; वाटेत बाळाला आडवे ठेवावे, श्वास लागत असेल तर थोडे उंचावून धरावे. खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या होऊन बाळ गळून जाणे, हेही तितकेच तातडीचे.

एरवीची कसोटी वजनाची. अंगणवाडीत दरमहा वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरील रेष वर चढते आहे ना, ते पाहावे. दोन महिने ती सपाट राहिली, तर आहारात काही तरी उणे आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. त्यांच्याच नावाने महाराष्ट्राने २००५ मध्ये माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. त्या मिशनने ज्या पहिल्या एक हजार दिवसांवर भर दिला, त्यांतलेच हे दिवस आहेत.

हे कायमचे आहे का?

बहुधा नाही. बहुतेक मुलांचे दुधाचे वावडे तीन ते पाच वर्षांपर्यंत मावळते. किमान सहा महिने दूध बंद ठेवून, बाळ नऊ ते बारा महिन्यांचे झाल्यावर डॉक्टर पुन्हा परीक्षा घेतात. पिठात मिसळून बराच वेळ भाजलेल्या दुधाची प्रथिने पुष्कळ बाळांना आधी सोसू लागतात, म्हणून पहिली पायरी बहुधा बिस्किटातील दुधाची असते. पेल्यातले दूध सर्वांत शेवटी. ज्या बाळाला पूर्वी सूज आली किंवा श्वास लागला होता, त्याची परीक्षा रुग्णालयातच व्हायला हवी. ‘आता मोठा झालाय, थोडे देऊन बघू’ हा प्रयोग घरी कोणीही करू नये, आणि गुपचूप तर मुळीच नाही. लपवून दिलेल्या एका चमच्याने त्रास तर होतोच, शिवाय डॉक्टरांचे निदान चुकते आणि सून-सासूमधला विश्वास तुटतो. तो जोडायला दुधाच्या वावड्याहून अधिक वर्षे लागतात.

आजी-आजोबांनो, या बाळाला तुमच्याइतका वेळ देणारे घरात दुसरे कोणी नाही. डाळ घोटायला, नाचणीला मोड आणायला, कॅलेंडरवर नोंद करायला आणि पाव्हण्याने पुढे केलेला पेढा हसून परत करायला जी सवड लागते, ती तुमच्यापाशी आहे. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत वजन कराल तेव्हा ती कॅलेंडरची पाने आणि कार्ड दोन्ही सोबत घ्या, आणि तेथून सरळ आपल्या डॉक्टरांकडे जाऊन या.